रस्ता झाला, पत्त्याचं काय?

जून २०२२ मध्ये अमरावती–अकोला महामार्गावर एका मार्गिकेचा सलग ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. त्या रस्त्याच्या खड्ड्यांशी आमचा इतका घरोबा होता, की गाडी सरळ चालायला लागल्यावर कंबरेला चुकल्या-चुकल्यासारखं झालं. तेव्हापासून इकडे एक समज पक्का झालाय : रस्ता झाला की काम झालं.

अकोल्याच्या एका दालमिलवाल्या शेठजींचाही तोच समज. त्यांच्या तुरीची पोती अकोल्यात आणि पोत्यांचा हिशेब क्लाउडमधल्या डेटाबेसात. त्यातून रोजचे रिपोर्ट काढायचं काम अमरावतीच्या आमच्या ऑफिसकडे. आमचं खाजगी नेटवर्कही त्याच क्लाउडवर. ही दोन नेटवर्कं एकमेकांना जोडली, की माहिती उघड्या इंटरनेटवर न येता आतल्या आत जाते. याला पीअरिंग म्हणतात. पीअरिंग झालं. दोन्हीकडच्या राउट टेबलांत नोंदी झाल्या. फायरवॉलनं आमच्या खाजगी पत्त्यांना मुभा दिली. तरी पडद्यावर एकच रड : कनेक्शन टाइम्ड आउट.

“काहून गा भाऊ, रस्ता तं झाला ना?” शेठजींचा फोन.

रस्ता झाला होता, हे खरं. पण प्रोग्राम डेटाबेसला हाक मारतो ती नावानं, आणि नावावरून पत्ता सांगायचं काम डीएनएसचं. ही व्यवस्था १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी आखली. त्याआधी नेटवर्कवरच्या साऱ्या संगणकांची नावं कॅलिफोर्नियातल्या एका फायलीत लिहिलेली असत.

क्लाउडमधला डीएनएस मात्र अस्सल वऱ्हाडी. अमरावतीच्या राजकमल चौकात कुणाचं घर विचारा, आधी तुमचीच चौकशी होते : “कोन्या गावचे तुमी?” परक्याला हमरस्त्यावरचं फाटक दाखवतात, घरच्याला मागचा बोळ. शेठजींच्या डेटाबेसचंही नाव एक आणि पत्ते दोन : बाहेरून विचारणाऱ्याला सार्वजनिक, आतल्याला दहानं सुरू होणारा खाजगी. आणि नुसत्या पीअरिंगनं आपण आतले होत नाही. आमचा प्रोग्राम सार्वजनिक पत्ता घेऊन फाटकावर गेला. तिथली फायरवॉल ‘नाही’ म्हणायचेही कष्ट घेत नाही. ती नुसती गप्प बसते, आपण ताटकळत राहायचं.

ऑफिसातला एक उत्साही पोरगा म्हणाला, “दादा, तो खाजगी पत्ता, म्हणजे आयपीच, लिहून टाकू ना प्रोग्रामात!” म्हणजे आम्ही १९८३ च्या मागे. एक मशीन बसलं की क्लाउड दुसरं उभं करतो. नाव तेच राहतं, आयपी बदलतो. आयपी पाठ करून बसलेला प्रोग्राम मग रिकाम्या घराची कडी वाजवत राहतो.

उपाय होता एका टिकचा. समोरच्या नेटवर्कनं नाव विचारलं तर खाजगी पत्ता सांगावा, असा पर्याय पीअरिंगच्या सेटिंगमध्ये असतो. ही टिक ज्याचा डेटाबेस त्यानंच करायची, म्हणजे अकोल्याहून. पासवर्ड मुनीमजींकडे, ओटीपी शेठजींच्या मोबाइलवर, मोबाइल नातवाकडे आणि नातवाचा गेम ऐन रंगात. तो हरेपर्यंत वऱ्हाडातलं संगणकीकरण थांबलं.

टिक झाली, रिपोर्ट आला.

“मंग हे पयलेच काहून नाई लावून देत?” शेठजी.

“रस्ता जोडणं ही एक परवानगी, शेठजी. आतला पत्ता सांगणं ही दुसरी.”

शेठजी धंद्यात मुरलेले. क्षणभर थांबून म्हणाले, “म्हंजे आता तुमच्या हापिसातल्या कोनालेही माह्या गोदामाचा आतला पत्ता कयते?”

“पत्ता कळतो. पण आत यायला पासवर्ड लागतो.”

“तो तं मुनीमजी समद्यायले सांगते,” शेठजी म्हणाले. “एक काम करा भाऊ. तुमच्या हापिसातल्या लोकायचे नावं लिहून पाठवा. बापाच्या नावासकट.”