बालेकिल्ल्याला खिंडार

भरताच्या नाट्यशास्त्राचे काम चार अलंकारांवर भागले: उपमा, रूपक, दीपक, यमक. पुढच्या पंडितांनी यादी शंभरापार नेली. निवडणुकीच्या बातमीला मात्र एकच रूपक पुरते, तेही शिवकालातून उसने आणलेले. रणशिंग फुंकले जाते, तोफा धडाडतात, बालेकिल्ल्याला खिंडार पडते. बालेकिल्ला म्हणजे गडाच्या आतली, सर्वांत उंचावरची तटबंदी. तिथे खिंडार पडले की गड गेलाच. आमच्याकडे ते दर पाच वर्षांनी पडते, आणि निकालाच्या दिवशी किल्लेदार तोच निघतो, गुलालात माखलेला. खिंडार पाडणारे कोण, तर तीन माजी नगरसेवक. तेही तटावरून नव्हे, हॉटेलच्या मागच्या दाराने उतरलेले. 'मैत्रीपूर्ण लढत' हा तर विरोधाभासाचा अस्सल नमुना, पण पाठ्यपुस्तकाला तो अजून सुचलेला नाही. शाळेत 'जणू' दिसले की उत्प्रेक्षा लिहायची, गुण पक्के. बातमीत ती सोय नसते. त्यामुळे कार्यकर्ते युद्ध खरेच धरतात. डोकी वाच्यार्थानेच फुटतात. नेते तोवर एकमेकांकडच्या लग्नात अक्षता टाकत असतात.