सकाळी भैरव, जेवल्यावर भूप

युसूफ वडगावात कुणी खोकलं की बप्पांना त्यातला सूर आधी ऐकू येतो. "मंद्रात उतरलाय, छातीत कफ आहे," असं निदान पारावरूनच होतं. असे बप्पा एकट्या केज तालुक्यातच असतात असं समजू नका. तुमच्याही घरात एखादे असतील. मूळचे भजनी मंडळातले पेटीवाले. मोबाइलवर रागोपचाराच्या चित्रफिती यायला लागल्या आणि पेटीवाल्याचे धन्वंतरी झाले.

"बप्पा, झोपच येईना गेलीय."

"दरबारी. रात्री, हळू आवाजात. आन् संध्याकाळनंतर चहा बंद."

झोप लागते. चहाचं श्रेयही दरबारीच्या खात्यावर जमा होतं. पित्तवाल्याला मारवा वर्ज्य, "भडकतं!" नाडी बघताना डोळे मिटून तीनताल मोजतात आणि गंभीरपणे सांगतात, "सम चुकायलीय तुझी." पेशंट घाबरतो. घाबरल्यावर ठोके वाढतात, म्हणजे निदान बरोबर.

कुणी शंका काढली की शारंगदेव बाहेर येतो. "आपल्या देवगिरीचा माणूस! यादवांच्या दरबारातला!" हे मात्र खरं आहे. तेराव्या शतकातल्या त्याच्या 'संगीतरत्नाकरा'त गर्भ कसा वाढतो, शरीर कसं घडतं याचं आख्खं प्रकरण आहे. नाद शरीरातून उठतो, तेव्हा आधी शरीर समजून घ्या, असा त्याचा हिशेब. बप्पांनी तो उलटा मांडलाय: शरीर बिघडलं की वरून नाद ओता.

स्वतःचा गुडघा धरला तेव्हा बप्पा अंबाजोगाईला 'स्वाराती' दवाखान्याच्या रांगेत सापडले. "इथला पंखा षड्जात वाजतो, बरं वाटतं," म्हणाले. गोळ्यांची पिशवी धोतराच्या सोग्यात होती.

हसायचं किती, असं वाटत असतानाच गल्लीतल्या काकांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. पाणी मागायचं तर नुसतं "त... त...". गोळ्या, व्यायाम चालूच होते. बप्पा पेटी घेऊन बाजेशेजारी बसले आणि हरिपाठ धरला. जरा वेळानं काकांच्या तोंडून सबंध शब्द यायला लागले, ओळीनं, चालीत. काकूंनी पदर तोंडाला लावला. बप्पांनी भाता थांबवला नाही, पण पुढची ओळ त्यांनाच आठवेना.

यात चमत्कार नाही. बहुतेकांचं बोलणं मेंदूच्या डाव्या बाजूला असतं. तिथं इजा झाली तरी पाठ असलेलं गाणं पुष्कळदा शाबूत राहतं. यावरूनच बोस्टनच्या डॉक्टरांनी १९७३ साली रोजची छोटी वाक्यं चालीवर म्हणवून घ्यायची पद्धत मांडली. त्यात डाव्या हातानं ठेकाही धरायला लावतात. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, आणि गाणं आलं म्हणजे बोलणं आलं असंही नाही. मेहनत महिनोन्‌महिने चालते.

बप्पांना हे सांगितलं. "बोस्टनला कळलं व्हय?" एवढंच म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून "पाणी दे", "भूक लागली" यांना गौळणीची चाल लावून काकांचा डावा हात मांडीवर आपटायला लागले.

आता काका चहा मागतात तो गौळणीत. सून लाजते, पोरं दारात जमतात. ती कप घेऊन येते तर बप्पा तिला उंबऱ्यातच अडवतात. "थांब गं बाई. काका, पुन्हा म्हणा. 'चहा'वर निषाद कोमल लागायलाय."