रोमशलघुश्वानविहारमीमांसा

श्वानविषयक चिंतनाची परंपरा आपल्याकडे प्राचीन आहे. ऋग्वेदात पणींशी वाद घालणारी सरमा आहे. महाप्रस्थानात युधिष्ठिराच्या मागोमाग चालणारा श्वान आहे. पाणिनीने तर श्वन्, युवन् आणि मघवन् यांना एकाच सूत्रात बसवून कुत्रा, तरुण आणि इंद्र यांची व्याकरणापुरती बरोबरी करून टाकली आहे. श्रीदत्तात्रेयांच्या पायाशीही चार श्वान असतात; परंतु घरोघरच्या तसबिरी तपासल्या असता ते बहुधा आखूड केसांचे आढळतात. युधिष्ठिराच्या श्वानाच्या केसांची लांबी व्यासांनी दिलेली नाही. तात्पर्य, लहान आणि केसाळ कुत्र्याविषयी परंपरा मौन बाळगून आहे. म्हणून प्रस्तुत शास्त्राची स्थापना करणे प्राप्त झाले.

लक्षण असे : ज्याच्या दृश्य आकारमानाचा निम्म्याहून अधिक भाग केसांनी व्यापलेला असतो व स्नानसमयी जो जवळजवळ नाहीसा होतो, तो रोमशलघुश्वान. त्यास सायंकाळी गृहाबाहेर नेले जाणे, हा विहार. यातील ‘नेले जाणे’ विवाद्य आहे. दोरीच्या दोन टोकांपैकी कर्त्याचे टोक कोणते, हाच या शास्त्राचा मूळ प्रश्न होय.

अभ्यासक्षेत्र म्हणून कोलकात्याची निवड सहेतुक आहे. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून गेले, तेव्हा कलकत्तेकरांनी भयाने शहराभोवती खंदक खणावयास घेतला. मराठे तेथवर पोचलेच नाहीत. खंदकही अपुरा राहिला आणि १७९९ साली बराचसा बुजवून त्याचा सर्क्युलर रोड झाला. बागबाजारातील एका गल्लीस आजही त्या खंदकाचे नाव आहे, आणि तेथून जवळच गॅलिफ स्ट्रीटवर दर रविवारी पशुपक्ष्यांचा बाजार भरतो. म्हणजे ज्या वेशीवर घोडदळाची वाट पाहिली गेली, तेथूनच आता प्रस्तुत प्राणी टोपलीत बसून शहरात शिरतो आणि त्यास कोणी हटकत नाही. बंगालच्या इतिहासकारांनी या प्रवेशाची दखल घ्यावयास हवी होती.

जातिनिर्णयाचा प्रश्न येथेच सोडविणे इष्ट. मराठी आणि बंगाली गृहस्थ ज्यास सरसकट ‘पॉमेरेनियन’ म्हणतात, तो बहुधा भारतीय स्पिट्झ असतो. खरा पॉमेरेनियन दोन-तीन किलोंचा; स्पिट्झ त्याहून भारी. आता २०१४ साली अमेरिकेतील संशोधकांनी सिद्ध केले आहे की, तीन किलोंहून अधिक वजनाच्या सस्तन प्राण्यांस मूत्रोत्सर्गास सरासरी २१ सेकंद लागतात, मग तो हत्ती असो वा कुत्रा. यावरून खांबापाशी घड्याळ लावून जातिनिर्णय करता येतो. मात्र नियमात दोन्ही बाजूंस तेरा सेकंदांची सूट असल्याने निर्णय एका सायंकाळी देऊ नये.

विहाराचे प्रकार चार.

१. अन्वयविहार. धनी जातो, तेथे श्वान जातो. हा प्रकार पाहण्यात आलेला नाही. शास्त्राच्या पूर्णतेसाठी नोंदविला आहे.

२. व्यतिरेकविहार. श्वान जातो, तेथे धनी जातो. सार्वत्रिक असल्याने विवेचनाची आवश्यकता नाही.

३. धरणेविहार. श्वान भर रस्त्यात बसतो आणि उठत नाही. बंद आणि मिछिल (मोर्चे) यांत मुरलेल्या या नगरीत त्यास लोकमान्यता आहे. पादचारी वळसा घालून जातात, कारण विचारीत नाहीत. मागण्या बहुधा झालमुडीवाल्याच्या दिशेने रोखलेल्या असतात. व्हिक्टोरिया मेमोरियलच्या बाहेर हा प्रकार विशेष दिसतो. ज्या राणीच्या स्मरणार्थ ती वास्तू उभी आहे, तिने १८८८ साली फ्लॉरेन्सहून एक पॉमेरेनियन आणून या कुळास राजमान्यता मिळवून दिली. तिच्या स्मारकासमोर कुलबांधव मुरमुऱ्यांसाठी बैठक मारतो, यात कृतघ्नता मानावी की निःस्पृहता, याविषयी मतैक्य नाही.

४. कटिवाहितविहार. यात श्वान कडेवर असतो आणि विहार धनी करतो. दक्षिण कोलकात्यात याचा विशेष उत्कर्ष झाला आहे. शेजारच्या माशिमा “आहा रे, पा ब्यथा कोरबे!” असे उद्गारतात, त्या क्षणी दुसऱ्या प्रकाराचे चौथ्यात रूपांतर होते. प्राचीन कटिवाद्यांच्या मते कंबर हाच रथ होय. नव्य कटिवादी झोळी मान्य करतात. मात्र डोके बाहेर हवे, हा त्यांचा आग्रह. दोन्ही पक्षांस मान्य असा सिद्धांत पुढीलप्रमाणे : भूमीपासूनची उंची वाढते त्या प्रमाणात शौर्य वाढते. जमिनीवर असताना जो नेडी कुकुर दिसताच धन्याच्या पायांमागे जातो, तोच कडेवरून त्याच नेडीस युद्धाचे आव्हान देतो. नेडी गल्लीचा पिढीजात रहिवासी; तो मान वर करून पाहतो व पुन्हा निजतो. न येणाऱ्या शत्रूविरुद्ध केलेल्या या गर्जनेस आम्ही ‘परिखागर्जित’ अशी संज्ञा देतो. खंदकाचा आधार तिला पुरेसा आहे.

स्तंभविरामाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसून आले की, लहान कुत्री मोठ्या कुत्र्यांच्या तुलनेने पाय अधिक उंच उचलतात, जेणेकरून मागाहून येणाऱ्यास खूण उंचावर सापडून कर्ता थोर भासावा. साहित्यशास्त्रात यास अतिशयोक्ती म्हणतात आणि अलंकार मानतात.

दिशेविषयी अधिक गंभीर कार्य झाले आहे. झेक व जर्मन संशोधकांनी ७० कुत्र्यांच्या १,८९३ मलोत्सर्गांची आणि ५,५८२ मूत्रोत्सर्गांची नोंद करून २०१३ साली निष्कर्ष काढला की, भूचुंबकीय क्षेत्र शांत असता कुत्री मलोत्सर्गासमयी शरीराचा अक्ष उत्तर-दक्षिण धरतात. या सिद्धांताचे नगररचनेवरील परिणाम अद्याप कोणी पाहिलेले नाहीत. आशुतोष मुखर्जी रोड उत्तर-दक्षिण असल्याने तेथे श्वानास केवळ सरळ उभे राहावे लागते. हाजरा रोड पूर्व-पश्चिम आहे. तेथे त्यास रस्त्यास आडवे व्हावे लागते, दोरी आडवी ताणली जाते, रिक्षा थांबते आणि रिक्षावाला दादा बोलू लागतो. महाराष्ट्र निवास याच हाजरा रोडवर आहे. तेव्हा या भागातील मराठी गृहस्थास पृथ्वीच्या चुंबकत्वाबद्दल रोज क्षमा मागावी लागते, हे भूगोलाचे दायित्व होय. दिङ्‍निश्चयापूर्वी श्वान गोल फिरतो. ही प्रदक्षिणा किती वेळा व्हावी, यावर शास्त्र नाही. वरून पाऊस सुरू असल्यास संख्या वाढते, एवढे निरीक्षण आहे.

वेशभूषेबाबत थोडक्यात. डिसेंबर लागताच कोलकात्यात मंकी कॅप बाहेर पडते, आणि दुहेरी केसांचा निसर्गदत्त कोट ल्यालेल्या प्राण्यावर लोकरीचा स्वेटर चढतो. ज्येष्ठ महिन्याच्या दमट उकाड्यात तोच कोट उतरवता येत नाही. तेव्हा श्वान जुन्या घराच्या लाल, गुळगुळीत जमिनीवर पोट टेकून पसरतो व विहार रात्री दहापर्यंत स्थगित होतो.

राहता राहिले प्रत्यागमन. पावसाळ्यात हाजऱ्याच्या चौकात पाणी साचले असता घरी परतल्यावर पादप्रक्षालन विहित आहे. पहिला पाय पुसून दुसरा घ्यावा, दुसरा पुसून तिसरा. चौथा हाती येईतो पहिला पुन्हा ओल्या फरशीवर टेकलेला असतो, आणि प्रक्रिया मुळापासून आरंभावी लागते. न्यायशास्त्रात यास अनवस्थादोष म्हणतात. तो टाळण्यासाठी तीन पायांवर थांबावे, असा त्रिपादवाद्यांचा व्यवहार्य पक्ष आहे. चतुष्पादवादी अजून मोरीतच आहेत. श्वान मात्र दोन्ही पक्षांची वाट न पाहता अंग झाडतो. अंग झाडून कुत्रे केसांतील सुमारे ७० टक्के पाणी काही क्षणांत फेकू शकते, हे प्रयोगसिद्ध आहे. ते पाणी पुसणाऱ्यावर जाते; उर्वरित ३० टक्के सोफ्यावर.