इथे पूर्वी हत्ती होता

मेट्रो नळ स्टॉपला थांबली. चिऊनं काचेला नाक लावून बाहेर बघितलं आणि विचारलं, "आजोबा, नळ कुठंय?"

"होता," अप्पा म्हणाले.

डेक्कनला उतरून आम्ही लकडी पुलावर आलो. चिऊनं कठड्यावरून हात फिरवला, मग एक टिचकी मारून पाहिली. "लाकूड कुठंय?"

"होतं. पानिपतानंतर बांधला, सतराशे एकसष्ट साली. तेव्हा होतं."

तिथून रिक्षा केली. अप्पांनी रिक्षावाल्याला 'सारसबाग' न म्हणता 'तळ्यातला गणपती' असं सांगितलं. त्याला ते कळलं, कारण तोही साठी उलटलेला होता. बागेत शिरताना चिऊनं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि तोंड उघडलं. या वेळी उत्तर मलाही ठाऊक होतं. पेशव्यांनी इथे तळं खोदलं, मध्ये बेट राखलं, बेटावर गणपती बसवला. आता गणपती आहे, बेटाचा उंचवटा आहे आणि तळ्याच्या जागी हिरवळ आहे. लोक तिच्यावर सतरंजी टाकून बसतात आणि तरीही घरी सांगतात की तळ्यातल्या गणपतीला जाऊन आलो.

अप्पा आमच्या सोसायटीतले 'इथे पूर्वी' आजोबा. ही जात प्रत्येक गावात असते. मुंबईत हेच आजोबा नातवाला फिनिक्स मॉलमध्ये नेतात, हातात पॉपकॉर्न देतात आणि वरची चिमणी दाखवून सांगतात, "इथे गिरणी होती." पुण्यात मात्र या जातीला हवामान फारच मानवतं. इथल्या निम्म्या जागांची नावंच नसलेल्या वस्तूंवरून पडली आहेत, त्यामुळे मूल आपण होऊन प्रश्न विचारतं आणि आजोबांना सुरुवात करायचे श्रमही पडत नाहीत.

हे सगळं सुरू झालं ते 'क्वालिटी टाइम'पासून. अप्पांचा मुलगा आणि सून दोघंही हिंजवडीला. सकाळी चिऊ झोपलेली असताना जातात आणि रात्री ती झोपायच्या बेतात असताना येतात. एका रविवारी मुलगा म्हणाला, "अप्पा, तुम्ही दिवसभर घरीच असता. चिऊला जरा क्वालिटी टाइम देत जा."

"आमच्या वेळी क्वालिटी नावाचं आइस्क्रीम होतं," अप्पा म्हणाले.

मुलानं हे मनावर घेतलं नाही. त्यानं फोनवरच्या कॅलेंडरात शनिवारी चार ते सात अशी वेळ घातली, तिला हिरवा रंग दिला आणि सुनेनं ती मान्य केली. आधीचे दोन तास अबॅकसचे असतात, नंतरचा एक स्केटिंगचा. आपण स्केटिंग आणि अबॅकसच्या पंगतीत बसलो याचं अप्पांना वाईट वाटलं नाही. शनिवारचे तीन तास आपले, एवढंच त्यांनी लक्षात ठेवलं.

सोसायटीच्या कट्ट्यावर इतरही आजोबा आहेत. एक नातवाकडून पाढे पाठ करून घेतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून एकोणतीसचा ऐकवतात. दुसरे नातवाला मोबाईल देतात आणि स्वतः शेजारी बसून दुसरा मोबाईल बघतात. दोघंही अत्यंत समाधानी. तिसऱ्यांचा नातू न्यू जर्सीत असतो. ते पहाटे उठून त्याला व्हिडिओवर रामरक्षा शिकवतात, तिकडे त्याची जेवायची वेळ झालेली असते, आणि मध्येच चित्र गोठलं की 'पातु'वर दोघंही तोंड उघडं ठेवून बसतात. अप्पा यांच्यात कधी बसले नाहीत. त्यांना दाखवायचं होतं ते पुणं. पंचाईत एवढीच की त्यातलं बरंचसं जागेवर नव्हतं.

अप्पांची उत्तरं एका शब्दाची का, याचा उलगडा मला उशिरा झाला. ते तार खात्यात होते. शब्दाला पैसे पडत, म्हणून लोक तारेत क्रियापद सोडून काही ठेवत नसत. कधीकधी क्रियापदही एवढं भयंकर असे की तार आली म्हटल्यावर ती उघडायच्या आधीच घरात रडारड सुरू होई. दिवाळीच्या आणि लग्नाच्या शुभेच्छांना तर नंबर ठरलेले. अख्खं वाक्य लिहायची गरज नाही, नंबर सांगितला की झालं. माणसानं चाळीस वर्षं असं काम केलं की घरीही तो 'भूक', 'चहा', 'नंतर' असाच बोलतो. अप्पांच्या सौभाग्यवतींच्या मते त्यांचं लग्नातलं नाव घेणंही सात शब्दांत आटोपलं होतं.

एकदा चिऊनं विचारलं, "आजोबा, तू ऑफिसमध्ये काय करायचास?"

"तारा पाठवायचो."

"मला दाखव ना तुझं ऑफिस."

अप्पा जरा थांबले. 2013 च्या जुलैत देशातली तार बंद झाली. ते निवृत्त झाले त्याला तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती. "होतं," ते म्हणाले, आणि मग चमचा उचलून त्यांनी ताटाच्या कडेवर टकटक केली. तीन तुटक, तीन लांबवलेल्या, पुन्हा तीन तुटक. बुडणाऱ्या जहाजाची हाक. जहाज म्हटल्यावर चिऊ जेवण विसरली. चार दिवसांत तिला ती हाक यायला लागली आणि आठवड्याभरात तिचा उपयोगही सापडला. पानात कारलं पडलं की चमचा ताटावर वाजतो आणि आई पाणी आणायला वळली की ते कारलं अप्पांच्या ताटात जातं. सुनेला अजून पत्ता नाही. आजींना आहे, चाळीस वर्षं त्यांनी ती टकटक जेवणाच्या टेबलावर ऐकलेली आहे. पण त्या बोलत नाहीत, कारण अप्पांना मधुमेह आहे आणि त्यांनी आजपर्यंत कारलं खाल्लं नव्हतं.

खरे अप्पा बघायचे ते पेशवे पार्कात. आता त्याला ऊर्जा उद्यान म्हणतात. फुलराणी तिथे 1956 साली सुरू झाली तेव्हा अप्पा सहा वर्षांचे होते, म्हणजे आज चिऊ आहे तेवढे. ही गाडी मात्र 'आहे'. चिऊला थेट गाडीत बसायचं असतं. पण अप्पांच्या मते एवढ्या लांब येऊन फक्त जे आहे ते बघून परत जाणं म्हणजे तिकीट वाया घालवणं. त्यामुळे आधी प्राणी.

प्राणी केव्हाच कात्रजला गेले. कात्रजचं संग्रहालय 1999 साली सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत इथले पिंजरे रिकामे झाले. अप्पांना ते मान्य नाही असं नाही. पण वाघ हलवला म्हणून वाघाची जागा हलत नाही, असं त्यांचं म्हणणं. एका झाडापाशी ते चिऊला उभं करतात, तिच्या खांद्यावर हात ठेवतात आणि सांगतात, "इथे वाघ होता. इथूनच वास यायचा." चिऊ डोळे मिटून वास घेते. मीही एकदा घेतला. बाहेरच्या भेळेचा होता.

त्या शनिवारी आम्ही हत्तीपाशी आलो. म्हणजे एका मोकळ्या जागेपाशी. अप्पांनी पिशवी माझ्याकडे दिली, पाय फाकवले, उजवा हात सोंडेसारखा खाली सोडला आणि हत्तीण कशी डुलत उभी राहायची ते करून दाखवायला लागले. डुलताना डावा पाय अर्धा उचलायचा, कारण त्याला साखळी असायची. पंच्याहत्तरीचा गृहस्थ भर बागेत असा डुलताना बघून चारपाच माणसं थांबली. त्यातून एक टोपीवाले आजोबा पुढे झाले. त्यांच्या हातालाही एक नातू होता.

"माफ करा," ते म्हणाले, "पण हत्तीण इथे नव्हती. त्या तिकडे होती."

अप्पांनी सोंड आवरली. "आपण कुठले?"

"नारायण पेठ."

"मी सदाशिव. रोज यायचो."

"रोज येऊन चुकीच्या जागी बघत होता."

यापुढचा अर्धा तास मी तरी विसरणार नाही. दोघांनी नसलेल्या पिंजऱ्यांपासून पावलं मोजली. नसलेल्या फाटकातून आत येऊन डावीकडे किती वळायचं यावर वाद झाला. टोपीवाल्यांनी पुरावा म्हणून पानशेतचा पूर काढला. 12 जुलै 1961 ला धरण फुटलं तेव्हा आपण कुठे उभे होतो ते दोघांनीही सांगितलं. त्याचा हत्तिणीशी काय संबंध ते मला कळलं नाही, पण पुण्यात त्या पिढीचा कुठलाही वाद पानशेतला शिवल्याशिवाय पुरा होत नाही. तेवढ्यात एक सुरक्षारक्षक आला आणि "काही हरवलंय का?" असं त्यानं विचारलं. "हत्तीण," दोघंही एकदम म्हणाले.

पोरं केव्हाच फुलराणीच्या रांगेत जाऊन उभी होती. पैसे मी दिले. तीन फेऱ्या झाल्या. दोघांची ओळख झाली, भांडण झालं, गट्टीही झाली. परत आलो तेव्हा आजोबा लोक एका बाकावर बसून शेंगदाणे खात होते. हत्तीण दोघांच्या जागांच्या मधोमध असावी इथपर्यंत तडजोड झाली होती. टरफलं मात्र दोघं वेगवेगळ्या कागदात ठेवत होते.

सुनेला हे प्रकरण फारसं पसंत नव्हतं. मुलीला हत्ती बघायचा तर खरा दाखवावा म्हणून ती एका रविवारी तिला कात्रजला घेऊन गेली. रांग, ऊन, तिकिटं सगळं सोसून हत्तीसमोर उभं केलं. चिऊनं नीट बघून घेतलं आणि म्हणाली, "आजोबांचा मोठा होता."

मग शाळेत 'माझे शहर' या विषयावर पाच ओळी लिहायला आल्या. इंग्रजी माध्यमाची शाळा, मराठी आठवड्यातून जेमतेम. चिऊचं मराठी जवळजवळ सगळं अप्पांकडून आलेलं. तिनं लिहिलं ते वहीत मी स्वतः वाचलं आहे: 'पुण्यात तळे होते. पूल लाकडाचा होता. हत्ती होता. नळ होता. माझी आजी आहे.' खाली लाल शाईत शेरा होता, 'वर्तमानकाळात लिही.' पालकसभेत बाईंनी सांगितलं की मुलीचा भूतकाळ वर्गात सगळ्यात पक्का आहे, लिंगसुद्धा चुकत नाही, पण इतर काळांकडे घरी लक्ष द्यावं.

घरी सभा भरली. मुलगा समजावणीच्या सुरात म्हणाला, "अप्पा, क्वालिटी टाइम म्हणजे तिच्या आवडीचं काहीतरी करायचं असतं."

अप्पांनी वही उघडून त्याच्यापुढे सरकवली. "यातलं एक वाक्य खोटं दाखव."

मुलगा वहीकडे बघत राहिला. तो लहान असताना अप्पांची रात्रपाळी असायची आणि दिवसा ते झोपलेले असायचे. त्याला त्यांनी हत्ती दाखवलाच नव्हता, तेव्हा तो असूनसुद्धा. हे तो बोलला नाही, आजी बोलल्या. अप्पा नेहमीप्रमाणे 'हं' म्हणाले. पुढच्या शनिवारी कॅलेंडरातली हिरवी पट्टी चार ते आठ झाली होती आणि मुलगा म्हणाला, मीही येतो. आता तिघं जातात. गेल्या थंडीत गणपतीला स्वेटर आणि कानटोपी घातलेली बघायला गेले होते. फुलराणी सोडली तर अप्पांच्या फिरस्तीत तेवढीच एक गोष्ट अशी की ती 'आहे', म्हणून मुद्दाम मुलासाठी ठेवलेली.

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेनं पार्किंग कमी पडतं म्हणून कोपऱ्यातली घसरगुंडी काढायचा ठराव केला. विरोधात एकच मत पडलं, आणि ते कोणाचं ते सांगायला नको. दोन दिवसांत घसरगुंडी गेली, पांढरे पट्टे आखले, एकाच्या स्कूटरनं जागाही धरली.

परवा संध्याकाळी मी दूध आणायला खाली गेलो होतो. तळमजल्यावरचा तीन वर्षांचा पोरगा चिऊचं बोट धरून त्या कोपऱ्यात उभा होता. चिऊनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता.

"इथे घसरगुंडी," ती म्हणाली.

त्यानं स्कूटरच्या खाली वाकून बघितलं. "कुते?"

"होती."