करंट येतोय का?

बंद पडलेल्या मोटारीचं बॉनेट उघडा आणि बाजूला उभे राहा. पाच मिनिटांत तिथे परिसंवाद सुरू होतो. अध्यक्ष नाही, निमंत्रणं नाहीत, चहासुद्धा नाही. तरी वक्ते येतात आणि प्रत्येकाचं निदान घरूनच ठरवून आणलेलं असतं. गाडी निमित्तमात्र.

आमची प्रीमियर पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यातली, म्हणजे जन्माने मुंबईकर. पण पहिल्या पावसाला हटकून रुसायची. सेल्फ मारला की इंजिन दणक्यात फिरायचं, पेटायचं मात्र नाही. सोसायटी जमलीच म्हणून समजा. निवृत्त बँक मॅनेजरांना पेट्रोलमध्ये भेसळ दिसायची. आयुष्यभर लोकांच्या कागदपत्रांतही त्यांना तीच दिसली होती. नुकतीच बायपास झालेले काका छातीवर हात ठेवून सांगायचे, "ब्लॉकेज आहे. कार्बोरेटर खोला." पोरं म्हणायची, धक्का मारू या. आता, सेल्फ जोरात फिरतोय म्हणजे बॅटरी ठणठणीत आहे. धक्क्याने काय साधणार? पण धक्क्याने हातांना काम मिळतं, आणि निदानापेक्षा गर्दीला त्याचीच निकड असते. पहिल्या मजल्यावरच्या आजी खिडकीतून एवढंच विचारायच्या, "काल अमावास्येला बाहेर काढली होतीत ना?"

मग गॅरेजवाले उस्ताद यायचे. पहिला प्रश्न ठरलेला, "करंट येतोय का बघितलं?" कुणीच बघितलेलं नसायचं.

बॅटरीचे 12 व्होल्ट कॉइलमध्ये जातात आणि पॉइंट उघडल्या क्षणी 15-20 हजार होऊन बाहेर पडतात. (हा व्याजदर मॅनेजरांना शेवटपर्यंत संशयास्पद वाटला.) डिस्ट्रिब्युटरमधला रोटर फिरत फिरत तो करंट चार प्लगना 1-3-4-2 या क्रमाने पोचवतो. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असलं, तर सेकंदाला 100 ठिणग्या पडाव्या लागतात. त्यातल्या काही चुकल्या तर गाडी 'मिसिंग मारते'. सगळ्या चुकल्या तर शेजारी जमतात.

एकदा उस्तादांनी कॉइलकडून येणारी जाड वायर डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतून उपटली. जाड फडकं गुंडाळून तिचं टोक इंजिनच्या लोखंडापासून जेमतेम अर्धा सेंटिमीटर धरलं आणि म्हणाले, "मारा सेल्फ." टक्, टक्, टक्! निळी, भरदार ठिणगी. ती मरतुकडी, पिवळट पडली असती तर पॉइंट आणि कंडेन्सर चौकशीला घेतले असते. ते सुटले, कॉइलही सुटली. राहिले टोपी, रोटर, वायरी आणि प्लग. अर्ध्या मिनिटात निम्मे संशयित घरी गेले आणि कार्बोरेटरला कुणी हातही लावला नाही. काका जरा हिरमुसले. मॅनेजर म्हणाले, "द्या, मी धरतो वायर." उस्ताद नको म्हणेपर्यंत त्यांनी धरलीही, आणि तीही फडक्याशिवाय. पुढचे काही आठवडे त्यांनी भेसळीचा विषय काढला नाही.

टोपी उलटी केली तर आत ओलाव्याचा थर, आणि दोन पितळी टोकांच्या मध्ये केसाएवढी काळी रेघ. ओलाव्यात करंटने प्लगकडे जायची लांबची वाट सोडून शॉर्टकट शोधला होता आणि जाता जाता कार्बनची पायवाट पाडून ठेवली होती. ओल पुसता येते, ही रेघ पुसून जात नाही. टोपी नवीच लागते.

मग, आलोच आहोत तर, प्लगही खोलले जायचे. टोक बिस्किटी रंगाचं असेल तर इंजिन सुखात. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरंफटक असेल तर तापतंय, आणि तेलकट असेल तर रिंगा बघा व बँकेचं पासबुकही. माझा विश्वास असलेलं हे एकमेव ज्योतिष.

2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 20 वर्षांची मुदत भरून निवृत्त झाली. आताच्या गाड्यांत पॉइंट नाहीत, टोपी नाही. बऱ्याच गाड्यांत तर प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसलेली असते. बॉनेट उघडलं की काळं प्लास्टिकचं झाकण. शेजारी येतात, झाकण बघतात आणि आपापल्या फोनकडे वळतात. निदान स्कॅनर करतो: पी0302, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. लोकांना वाटतं, गुन्हेगार सापडला. सापडलेला असतो फक्त पत्ता. त्या पत्त्यावर कॉइल राहते, प्लग राहतो, इंजेक्टर राहतो. गुन्हा कुणाचा हे मशीन सांगत नाही. आणि नेमक्या याच वेळी गॅरेजच्या काउंटरवरचा टायवाला मुलगा अदबीने म्हणतो, "सर, चारही कॉइल बदलून टाकू."

तेव्हा दोन गोष्टी लक्षात ठेवा. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याची वाट लावतं, आणि त्याच्या किमतीपुढे कॉइल म्हणजे चिल्लर. दुसरं, चार कॉइल सांगणाऱ्याला म्हणावं, आधी दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावून दाखव. कोड पी0303 झाला तर ती एकच बदल. तसाच राहिला तर कॉइल निर्दोष. कामाला फार वेळ लागत नाही. तरीही तो नाही म्हणाला, तर कॉइल राहू द्या, गॅरेज बदला.