स्कूटर विकल्याची कैफियत

मी स्कूटर विकली. शहराची वाहतूक शाश्वत व्हायची तर नागरिकांनी आपापली वाहनं सोडली पाहिजेत, असं एका व्याख्यानात ऐकलं होतं. व्याख्याते चारचाकीतून आले होते, पण तेवढं कोण बघतं. पुण्यात २०१८ सालीच नोंदलेल्या गाड्या ३६ लाखांवर गेल्या होत्या, म्हणजे माणसांपेक्षा जास्त. म्हटलं, एक तरी कमी करू. ती कमी झाली नाही. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी ती घेतली, इतकंच.

पहिल्या दिवशी बसथांब्यावर उभा राहिलो. ही नवख्याची चूक. आमच्या थांब्याला शेड आहे, बाकडं आहे, कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स आहे. बस तेवढी नाही. ती चाळीस पावलं पुढे, रसवंतीपाशी थांबते. जाणते प्रवासी तिथंच उभे असतात आणि शेडमधल्या माणसाकडे, लग्न मोडलेल्याकडे बघावं तसं बघतात. आठवड्याभरात मीही रसवंती गाठली. त्या दिवशी बस शेडसमोर थांबली.

तिकिटाचं किमान भाडं पाच रुपये होतं तेव्हा सुट्ट्या पैशांवरून रोज वाद व्हायचे. २०२५च्या जूनपासून ते दहा झालं. वाद मिटवायची ही रीत आमच्या घरात इतक्या वर्षांत कुणाला सुचली नव्हती.

मग मेट्रोकडे वळलो. मेट्रोबद्दल माझी तक्रार नाही. ती येते, थंड असते, आणि आत कुणी 'जरा सरकून घ्या' म्हणत नाही. तक्रार असलीच तर माझ्या घराबद्दल आहे. बांधणाऱ्याने ते स्टेशनापासून अकराशे पावलांवर बांधलं. यातल्या सहाशे पावलांना फुटपाथ आहे. त्यावर क्रमाने विजेचा डीपी, अमृततुल्यची बाकडी, कमानीचे बांबू आणि 'काम चालू, रस्ता बंद' अशी पाटी लागते. काम कुठे चालू आहे हे पाटीलाच ठाऊक. उरलेली पाचशे पावलं मी रस्त्यावरून, मागे बघत चालतो. मान आखडली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, गाडी फार चालवता का?

आत बसलं की मात्र शहर छान दिसतं. डेक्कन आणि संभाजी उद्यान ही स्टेशनं मावळ्यांच्या पगडीच्या घाटाची आहेत. हेल्मेटसक्तीविरुद्ध इतकी आंदोलनं करणाऱ्या गावात डोकं झाकायला शेवटी स्टेशनं पुढे आली. स्वारगेटला जायचं तर सिव्हिल कोर्टला गाडी बदलावी लागते. हे स्टेशन जमिनीखाली ३३.१ मीटर आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. उतरण्याबद्दल पूर्वजांनी काही सांगून ठेवलेलं नाही.

आता शाश्वततेबद्दल. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल पंधरा वर्षंही पुरी करू शकला नाही. मेट्रोच्या आड येतो म्हणून २०२०मध्ये पाडला आणि त्याच जागी दुमजली पूल बांधायला घेतला. आमच्याकडे उड्डाणपूल हे हंगामी पीक आहे. याउलट चांदणी चौकातला जुना पूल. २ ऑक्टोबर २०२२ला मध्यरात्रीनंतर ६०० किलो स्फोटकं लावून तो उडवला. गावभर लोक टीव्हीपुढे जागे होते. धूळ बसली, तर त्याचा काही भाग होता तिथेच. उरलेला मशिनं लावून उतरवावा लागला. शहराच्या वाहतुकीत टिकाऊ म्हणावं असं एक बांधकाम सापडलं होतं, तेही आपल्याला ते पाडतानाच कळलं.

खालच्या गृहस्थांनाही हल्ली मेट्रो आवडू लागली आहे. स्टेशनापर्यंत चालवत नाही म्हणून ते स्कूटरने येतात, आणि लावायला जागा नाही म्हणून ती जिन्यापाशी, फुटपाथवर लावतात. रोज नऊच्या सुमारास मी तिला वळसा घालून रस्त्यावर उतरतो. परवा तिचा आरसा वाकडा झालेला दिसला. सवयीने हात गेला, सरळ केला.

'ओ काका,' मागून आवाज आला, 'गाडी तुमची का? काढा की जरा, माणसांनी चालायचं कुठून?'

माझी नाही म्हणालो आणि जिना चढलो.