बोनेटभाऊ

दसऱ्याच्या आधीच्या दोन दिवसांत लोहाऱ्यात जितक्या गाड्या धुतल्या जातात, त्यांतल्या बऱ्याच धुतल्याबरोबर बिघडतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असावा, हे बोनेटभाऊंना साफ अमान्य आहे.

बोनेटभाऊ हे कुणा एकाचं नाव नव्हे. यवतमाळहून दारव्हा रोडने निघालं की लोहाऱ्याच्या प्रत्येक ले-आउटात असा एक भाऊ सापडतो. कुणी एमआयडीसीतल्या डेनिमच्या मिलमध्ये शिफ्ट करतो, कुणाचं कृषी केंद्र असतं, कुणी झेडपीतून रिटायर झालेला. गाडीदुरुस्तीशी कुणाचाच संबंध नाही. त्यामुळे अनुभवाने मत बदलायचा धोकाही नाही. खिशात मात्र टेस्टर असतो. तो कान कोरायला वापरतात.

काळ्या मातीची धूळ इंजिनावर थर देऊन बसलेली असते. पूजेला गाडी आतूनही स्वच्छ हवी, म्हणून पोळ्याला बैल धुवावा तसं भाऊ इंजिन धुतात: कानाच्या मागे, पोटाखाली, वर शाम्पू. बैल नंतर अंग झटकतो; इंजिनाला ती सोय नाही. पाणी प्लगच्या खड्ड्यात साचतं, डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये शिरतं, कॉइलच्या सॉकेटात बसतं. हजारो व्होल्टचा करंट प्लगच्या टोकाशी ठिणगी पाडायला निघालेला असतो. त्याला चिखलपाण्याची ओली वाट दिसली की तो तिकडूनच बॉडीत उतरतो. जुन्या मारुती ८००ला सिलिंडर तीनच. त्यांतला एक संपावर गेला की उरलेल्या दोघांवर गाडी अशी थरथरते, की आरसे, डॅशबोर्डवरचा गणपती आणि मालक एकाच तालात हलतात. मेकॅनिक याला ‘मिसिंग’ म्हणतात.

इथे भाऊंचा दवाखाना सुरू होतो. बोनेट उघडलं की चार माणसं आपोआप जमतात. आतलं काही कळत नसलं तरी बोनेट ही वाकून बघायचीच गोष्ट आहे. भाऊ डोळे मिटून आवाज ऐकतात.

“पंप बदलला का, सर?”

“नाही हो.”

“मंग इथेनॉल. वीस टक्के टाकून रायले पेट्रोलमधी. ऊस त्यायचा, कारखाने त्यायचे अन् खोकला आपल्या गाडीले!”

चारही माना डोलतात. विदर्भाच्या अनुशेषाचा मुद्दा प्लगच्या खड्ड्यापर्यंत नेता येतो, हे यवतमाळ जिल्ह्याबाहेरच्या माणसाला सुचणार नाही.

इथेनॉल नसेल तर बॅटरी, बॅटरी नसेल तर क्लच, आणि काहीच नसेल तर “अमरावतीले कोनाले चालवाले देली होती का?” डॉक्टर पहिल्यांदा विचारतो, आधी काय झालं होतं? भाऊ हा एक प्रश्न टाळतात, कारण उत्तराच्या हातात पाण्याचा पाइप असतो. तोही त्यांच्याच घरचा.

शेजारच्या डिझेल बोलेरोचंही त्यांनी एकदा ‘प्लगमधी पानी’ असं निदान केलं होतं. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लगच नसतो, दाबानेच डिझेल पेटतं, असं कुणीतरी चाचरत सांगितलं. भाऊ क्षणभर विचारात पडले. “म्हनूनच सापडून नाई रायला,” ते म्हणाले.

नव्या गाड्यांनी त्यांची जरा पंचाईत केली आहे. धुतल्यावर डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. मेकॅनिकचा पोऱ्या स्टेअरिंगखाली स्कॅनर लावतो आणि पी०३०२ वाचतो, म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिसिंग. भाऊ ओठ काढतात. “नंबर सांगते फक्त. नंबर तं मटक्यातबी येते.”

पण पोऱ्या नेहमी मिळत नाही. खंडेनवमीला गॅरेजातले पाने-पेचकस हळदीकुंकू लावून पूजेत मांडलेले असतात. पूजेतलं हत्यार त्या दिवशी कोण उचलणार? नेमक्या त्याच दिवशी सगळं गाव गाड्या धुतं. भाऊंचा सीझन हा असा शास्त्राच्या आधाराने आलेला आहे.

तरीही गेल्या नवमीला एक पोऱ्या रिकाम्या हाताने आला. मूठभर वेस्ट घेऊन बोनेटाखाली वाकला आणि त्याने तो प्रश्न विचारलाच.

“धुतली होती का?”

सगळे भाऊंकडे बघायला लागले.

“पान्यानं नाई गा,” भाऊ म्हणाले. “शाम्पूनं.”

पोऱ्याने प्लगच्या वायरी एकेक काढून कोरड्या पुसल्या, पंक्चरवाल्याकडून हवा मारून खड्डे मोकळे करा म्हणाला, नाहीतर बोनेट उघडं ठेवून उन्हात वाळू द्या. आणि गेला. त्याच्याकडे बघण्यासारखं काही नसल्याने गर्दी पुन्हा भाऊंकडे वळली.

यातली खरी गंमत त्या उन्हात आहे. तापलेलं इंजिन आणि वर ऑक्टोबरचं यवतमाळचं ऊन, यात ते पाणी वाळायला जेवढा वेळ लागतो, जवळपास तेवढाच वेळ भाऊंना सगळी निदानं सांगून व्हायला लागतो. त्यामुळे शेवटचं निदान नेहमी बरोबर येतं. कधी ते इथेनॉल असतं, कधी क्लच. गाडी सुरू होते तेव्हा भाऊंच्या तोंडात जे असेल ते. वर्षानुवर्षं असं होत आल्यावर माणसाचा स्वतःवर विश्वास बसला तर दोष कुणाचा?

त्या दिवशी भाऊ बॅटरीचं टर्मिनल टेस्टरने ठोकत होते. मालकाने सहज सेल्फ मारला आणि तिन्ही सिलिंडर एका दमात बोलले. सरांनी आत चहा सांगितला. भाऊंनी टर्मिनलवरची पांढरी पूड बोटाने उकरून सगळ्यांना दाखवली.

“ॲसिड हाये हे. आत पसरलं असन,” ते म्हणाले. “सर, पाइप आना बरं. एकडाव जोरात पानी मारून घेऊ.”